पहिल्या १/८ नायट्रो बगीसाठी कोणतं इंजिन घ्यावं: तीन पोर्ट की सात पोर्ट?

तुम्ही इलेक्ट्रिक रिमोट-कंट्रोल गाड्यांवरून १/८ नायट्रो बगीत (खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश मापाची, नायट्रो इंधनावर चालणारी ऑफ-रोड मॉडेल गाडी) येताय, रेसिंगच करायचंय, आणि विचारताय की इंजिन तीन पोर्टचं घ्यावं की सात पोर्टचं (पोर्ट म्हणजे सिलिंडरच्या स्लीव्हमधली, वायू ये-जा करायची भोकं), कोणत्या कंपनीचं, वापरलेलं चालेल का. हे ठीक. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "ट्रॅकवरचे अनुभवी लोक म्हणतात, सगळ्यात ताकदवान घे, ताकद नंतर कमी करता येते, वाढवता येत नाही." मी उत्तर लिहायला बसलो ते या वाक्यामुळे. हेच वाक्य मी एका माणसाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

तीन पोर्टचं घ्या. हे झालं उत्तर.

आता तो माणूस. आमच्यात वयाने मोठा, म्हणून सगळे त्याला दादा म्हणतात. हात चांगला, नजर चांगली, पण इंजिन निवडताना डब्यावरचा हॉर्सपॉवरचा आकडा वाचायचा आणि त्यावरच जायचं. "अरे, ३.५ सीसी तुझीही आणि माझीही. भोकं जास्त तर श्वास जास्त," हे त्याचं शास्त्र. मी साधं तीन पोर्टचं इंजिन लावलं तेव्हा भर पिटमध्ये म्हणाला, "हे शिकाऊ पोरांचं आहे." बरं.

क्लबची अर्ध्या तासाची फायनल होती. सरळ पट्ट्यावर दादाची बगी मला सहज मागे टाकायची, ते कबूल. पण ऑफ-रोड ट्रॅकवर सरळ पट्टा असतो केवढा? डब्यावर जी अडीच-तीन हॉर्सपॉवर छापलेली असते ती तीस हजाराच्या वरच्या आरपीएमची. तिथे बगी एका लॅपमध्ये दोनतीनदा पोचते आणि लगेच ब्रेक लागतो. बाकी सगळा वेळ खेळ अर्ध्या थ्रॉटलच्या खाली: हेअरपिनमधून बाहेर येणं, जंपच्या आधी दोन हात जागेत वेग घेणं, हवेत नाक वर-खाली करणं. त्याचं इंजिन खाली मरगळलेलं आणि मध्येच एकदम पेटायचं. खडबडीत वळणात मागची चाकं सुटायची. मी प्रत्येक लॅपला तिथेच त्याच्या मागे चिकटायचो.

पण रेस ठरली ती पिटमध्ये. टाकी सगळ्यांची १२५ सीसीच. माझी दहा मिनिटांच्या जरा पुढे जायची, त्याची आठ मिनिटांतच कोरडी. अर्ध्या तासात माझे दोन स्टॉप, त्याचे तीन. (इफमार ही मॉडेल गाड्यांच्या रेसिंगची जागतिक संघटना, तिच्या वर्ल्ड्सची फायनल एक तासाची असते. हाच हिशोब तिथे लावा: पाच स्टॉप की सात?) हे दादालाही कळत होतं, म्हणून दुसऱ्या स्टॉपला त्याने हाय-स्पीड नीडल (वरच्या वेगाला किती इंधन जावं ते ठरवणारा कार्बोरेटरचा स्क्रू) आवळली, मिश्रण लीन केलं, म्हणजे इंधन कमी केलं, की निदान एक मिनिट तरी जास्त मिळावं. पुढच्या लॅप्सना धूर दिसेना. इंजिन तापलं, आयडल, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरचा वेग, वर चढून राहायला लागला. तिसऱ्या स्टॉपला टाकी भरली, झाकण बंद केलं, थ्रॉटल दिला, इंजिन एकदा खोकलं आणि गप्प. तापलेलं इंजिन स्टार्टर बॉक्सवर (इंजिन फिरवून सुरू करायची पेटी) घेईना. मी पुढे निघून गेलो आणि जिंकलो.

दादाचं म्हणणं तेव्हापासून आजपर्यंत एकच: "नशीब तुझं. माझा प्लग गेला."

अहो, प्लग (मिश्रण पेटवणारी तार असलेला ग्लो प्लग) गेला हे खरंच आहे. मी स्वतः तो हातात घेऊन पाहिला, तार राखाडी पडलेली आणि वाकडी झालेली. पण प्लग का गेला? मिश्रण लीन होतं म्हणून. लीन का केलं? इंधन पुरत नव्हतं म्हणून. पुरत का नव्हतं? डब्यावरचा आकडा बघून इंजिन घेतलं म्हणून. यात नशीब कुठे आलं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आणि "ताकद कमी करता येते" याबद्दल. वेंचुरीचा, म्हणजे कार्बोरेटरच्या हवेच्या गळ्याचा, इन्सर्ट सातवरून सहा मिलिमीटरचा केलात की हवा कमी जाते, इंधन वाचतं, खालचा प्रतिसादही थोडा सुधारतो. पण स्लीव्हमधल्या पोर्टची उंची आणि क्रँकचं टाइमिंग कारखान्यात कापलेलं असतं, ते तसंच राहतं. वरच्या आरपीएमसाठी कापलेलं इंजिन गळा आवळला म्हणून खालून खेचायला लागत नाही. नुसतं वरून दबतं. मग क्लच उशिरा पकडावा म्हणून कडक स्प्रिंग, मग क्लचचे शूज जळतात, मग वेगळा एक्झॉस्ट पाइप. हे सगळं करून शेवटी पोचायचं कुठे, तर शिकाऊ पोरांच्या इंजिनापाशी.

नायट्रोत नव्याने येणाऱ्याला खरी गरज असते ती नीडलचं ऐकणाऱ्या इंजिनाची. पाव फेरी फिरवल्यावर काय बदललं ते कानाला कळलं पाहिजे, आणि थोडं इकडेतिकडे झालं तरी बंद पडता कामा नये. इलेक्ट्रिकमध्ये हा प्रकारच नाही, त्यामुळे पहिला सीझन तुमचा यातच जाणार. आयडलला इंधनाची नळी चिमटीत धरा: इंजिन दोनतीन सेकंद चालून, जरासा आवाज चढवून बंद पडलं तर लो-एंड (कमी आरपीएमचं मिश्रण) ठीक. लगेच मेलं तर लीन, बराच वेळ चढत राहिलं तर रिच, म्हणजे इंधन जास्त. तापमान प्लगपाशी साधारण ९५ ते ११५ सेल्सिअस, पण आकड्यापेक्षा धूर आणि आवाजावर जास्त विश्वास ठेवा. नव्या इंजिनाचा पिस्टन वर घट्ट अडकतो, तेव्हा सुरू करण्याआधी ते हीटरने गरम करा. थंड इंजिन भरपूर रिच ठेवून तासभर आयडल करायची जुनी पद्धत कनेक्टिंग रॉडच्या मुळावर येते.

कंपनी? जपानची ओ.एस. १९३६ पासून मॉडेल इंजिनं बनवतेय, इटलीचीही नावं मोठी आहेत. मला यात वाद घालण्यात रस नाही. रॉड, मागचं बेअरिंग आणि इन्सर्ट ज्याचे पटकन मिळतात ते घ्या. तुमच्या ट्रॅकवर चारपाच जण जे वापरतात तेच घेतलंत तर आयत्या वेळी शिमही (सिलिंडर हेडखालची पातळ चकती) उसनी मिळते.

आता एक मेख. नुसत्या पोर्टच्या संख्येवर सगळं ठरत नाही. पाच पोर्टची काही इंजिनं तीन पोर्टच्या काहींपेक्षा मवाळ असतात, कारण टाइमिंग, क्रँक आणि पाइप मिळून स्वभाव बनतो. ट्रॅक मोठा, उघडा आणि पकड भरपूर असेल तर वरची ताकद उपयोगी पडते. ट्रगी (बगीचाच मोठ्या चाकांचा प्रकार) जड असते, तिलाही. ऑन-रोडला तर सहसा जास्त पोर्टची इंजिनं लागतात, तिथे दादा शहाणा ठरेल. आणि कोणत्या टक्क्याचं नायट्रो (इंधनातलं नायट्रोमिथेन) मिळतंय ते आधी पाहा. युरोपात २०२१ पासून सामान्य माणसाला १६ टक्क्यांच्या वरचं परवान्याशिवाय घेता येत नाही. २५ टक्क्यांवर बसवलेलं इंजिन १६ वर चालवायचं तर बहुतेक वेळा एखादी शिम काढावी लागते आणि प्लग एक पायरी गरम लागतो.

वापरलेलं घ्यायचं तर प्लग लावलेला असताना, थंड इंजिनाचं फ्लायव्हील हाताने फिरवा. वर पिस्टन अडकला पाहिजे. लोण्यासारखं फिरलं तर परत द्या, विकणारा "छान मोकळं झालंय" म्हणाला तरी. मागचं झाकण उघडू देत असेल तर बेअरिंगवर गंज आहे का बघा. इंधनातलं मिथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि रेसनंतर आफ्टर-रन तेल न घालणारे बरेच असतात. रॉडचा खालचा बुश हलवून बघा. तिथे खेळ जाणवला तर रॉड आणि बेअरिंग नवे घालायचे हे धरूनच भाव करा.