विक्रीच्या आकड्यावर थांबू नका
तुम्ही पहिल्यांदाच शेअर घेत आहात, म्हणून कळकळीने सांगतो की केवळ विक्री किती वाढली हे पाहून निर्णय घेऊ नका. अ‍ॅमेझॉनचे २००२ सालचे नफा-तोटा पत्रक आणि रोख प्रवाहाचे पत्रक शेजारी-शेजारी ठेवून वाचा. त्या वर्षी विक्री सुमारे ३९३ कोटी डॉलर आणि निव्वळ तोटा सुमारे १४.९ कोटी डॉलर होता. तरीही कामकाजातून जवळपास १७.४ कोटी डॉलर रोख आत आले होते. याचे एक कारण असे, की ग्राहक पुस्तकाचे पैसे लगेच देत असे, तर पुरवठादाराचे देणे कंपनी काही आठवड्यांनी चुकते करत असे. शिवाय घसारा, म्हणजे यंत्रे-इमारतींच्या झिजेची हिशेबातली रक्कम, नफ्यातून वजा होतो, पण त्यापायी त्या वर्षी खिशातून पैसा जात नाही. पूर्ण वर्षाचा पहिला नफा २००३ मध्ये झाला.

सॉफ्टवेअर सेवा देणाऱ्या कंपनीत बहुधा उलटे घडते: काम झाले की विक्री नोंदली जाते, पैसे मागाहून येतात. म्हणूनच विक्री २० टक्क्यांनी आणि येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायचे बाकी पैसे, ६० टक्क्यांनी वाढलेली दिसली, तर खरेदी थांबवून आधी ताळेबंदाखालच्या टिपा वाचाव्यात. मी तरी त्या वाचल्याशिवाय एक शेअरही घेत नाही.