आधी तो टायमर बंद करा

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. नववीपर्यंत गणितात 40 पैकी 36-37 असायचे, या चाचणीत 23 पडले. पेपर अर्धाच सुटला. एकेका गणितावर तासभर बसते, ‘हे असंच का?’ म्हणत राहते. क्लासचे सर म्हणतात, पॅटर्न पाठ करा, का-बिका नंतर. मी शेजारी मोबाईलवर टायमर लावून बसते, गणिताला तीन मिनिटं. हल्ली वही उघडली की रडते. अकरावीला इंटिग्रेटेड बॅच (कॉलेज आणि जेईई-सीईटीची तयारी एकत्र) घ्यावी की सायन्सचा नादच सोडावा? वहीच्या पानाचा फोटो सोबत आहे.
– एक आई, सांगली

ताई, 23 मार्कांनी मी दचकलो नाही, टायमरनं दचकलो. आई घड्याळ घेऊन शेजारी बसली की पोरीचं लक्ष गणितात नसतं, आईच्या चेहऱ्यावर असतं. शिवाय तुमचा हिशेबही चुकलाय. बोर्डाचा पेपर 40 मार्कांचा, वेळ दोन तास. म्हणजे एका मार्काला तीन मिनिटं, चार मार्कांच्या गणिताला बारा. तुम्ही बोर्डापेक्षा कडक निघालात!

आता तो फोटो. क्ष वर्ग अधिक सहा क्ष बरोबर सोळा. तिनं क्ष बाजूचा चौरस काढलाय, त्याच्या दोन बाजूंना तीन-तीन रुंदीच्या पट्ट्या. कोपऱ्यात तीन बाय तीनचा तुकडा कमी पडतो. ते नऊ भरले की मोठा चौरस पंचवीसचा, बाजू पाच, म्हणून क्ष दोन. नवव्या शतकात बगदादला अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञानं वर्गसमीकरणं अशीच चौरस मांडून सोडवली. दुसरं उत्तर उणे आठ. पण चौरसाची बाजू उणे कशी? तिथे तिनं प्रश्नचिन्ह काढलंय. अल-ख्वारिझ्मी तर ऋण उत्तर धरतच नसे. पोरगी अडकलीय खरी, पण अडकावं अशाच जागी.

मीही काही वर्षं क्लासमध्ये गणित शिकवलंय. वर्गसमीकरणाचं सूत्र झोपेतून उठवलं तरी म्हणायचो. एकदा एका मुलानं विचारलं, “सर, हे आलं कुठून?” मी म्हणालो, “परीक्षेत विचारत नाहीत ते.” वर्ग हसला, मुलगा खाली बसला. वर्षभर त्यानं पुन्हा काही विचारलं नाही. खरी गोष्ट अशी, की मलाच ठाऊक नव्हतं. त्या रात्री घरी अशाच पट्ट्या काढत बसलो, तेव्हा कुठे उमगलं. तोवर पंचविशी उलटली होती.

‘आधी पाठ, समज नंतर’ हा सल्ला दहावीपुरता खपून जातो, कारण प्रश्न ओळखीचे असतात. ते ‘नंतर’ मात्र कधी येत नाही. अकरावीत धड्यांचा ढीग पडतो आणि पाठांतर एकमेकांत मिसळतं. सीईटीत 50 गणितांना 90 मिनिटं असतात, मान्य. पण पाठ केलेल्या सूत्रातलं एक चिन्ह फिरलं, तर मुलाला ते कळतही नाही. तुमच्या मुलीला सूत्र आठवलं नाही तर ती ते पुन्हा काढेल.

पेपर अपुरा राहतो, त्यावर काम हवंच. आठवड्यातून एकदा पूर्ण पेपर, दोन तास, घड्याळ तिच्या हातात, तुम्ही दुसऱ्या खोलीत. इंटिग्रेटेड बॅचचं निकालानंतर बघा. जेईई-सीईटीची वाट तुम्हाला माहीत आहेच. कोलकात्याची आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) आणि चेन्नईची सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) या गणित शिकवणाऱ्या संस्थांची नावंही तिच्या कानावर घाला. सायन्स सोडायचा विषय घरात काढूसुद्धा नका.

आणि हो, त्या चौरसाखाली तुम्ही लाल पेनानं ‘टाइमपास’ लिहिलंय. तेवढं आज तिच्यासमोर खोडा.