सेरियम, एसजी आयर्न आणि चीनची बंधने

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत मी मेल्टिंग विभागात काम करतो. एसजी आयर्नसाठी (ज्यातील ग्रॅफाइट गोल कणांच्या रूपात असते असे ओतीव लोखंड) लेडलमध्ये, म्हणजे वितळलेले लोखंड घेण्याच्या भांड्यात, घालावयाच्या फेरो-सिलिकॉन-मॅग्नेशियममध्ये सेरियम हा दुर्मिळ मृदा धातूही थोडा असतो. चीनने दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीवर बंधने घातल्याने आमचे काम अडेल का? मुळात सेरियम लागते कशासाठी?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी दुसरा प्रश्न. ग्रॅफाइटला गोल आकार देण्याचे मुख्य काम मॅग्नेशियमचे. परंतु स्क्रॅपबरोबर येणारे शिसे, अँटिमनी, टायटॅनियम हे घटक अत्यल्प असले तरी ती गोलाई बिघडवतात आणि सेरियम त्यांना निष्प्रभ करते. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये हेन्टन मॉरो यांनी असे लोखंड जाहीर केले, ते सेरियम वापरूनच. पुढे मॅग्नेशियमची पद्धत रूढ झाली आणि सेरियमकडे दुय्यम काम उरले. मात्र ते प्रमाणाबाहेर गेले, तर जाड कास्टिंगच्या गाभ्यात ग्रॅफाइटचे ओबडधोबड पुंजके होतात, म्हणून ‘थोडे जास्त पडले तर काय बिघडते’ हा आपल्याकडचा हिशेब येथे चालत नाही.

आता पुरवठ्याविषयी. भूकवचात सेरियम जवळजवळ तांब्याइतके आहे. अडचण आहे ती वेगळे करण्याची, कारण हे धातू एकाच खनिजात मिसळलेले असतात आणि रासायनिकदृष्ट्या इतके सारखे असतात, की त्यांना सुटे करण्यासाठी द्रावक-निष्कर्षणाचे (विशिष्ट द्रवात एकेक धातू ओढून घेण्याचे) शेकडो टप्पे लागतात. या कामावर चीनचे वर्चस्व आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्याने ज्या सात धातूंवर निर्यात-नियंत्रण आणले, त्यांत सेरियम नव्हते. उलट चुंबकांसाठी निओडिमियम काढताना सेरियम आपोआप मुबलक हाती येते. यादीत होते ते डिस्प्रोसियम आणि टर्बियम, ज्यांच्यामुळे निओडिमियमचे चुंबक तापलेल्या मोटारीतही आपली शक्ती टिकवतात. विजेवरची वाहने आणि क्षेपणास्त्रे दोन्ही त्यांवर अवलंबून आहेत.

केरळ, तमिळनाडू व ओडिशाच्या किनारी वाळूतील मोनाझाइट या खनिजातून आयआरईएल ही सरकारी कंपनी हे धातू काढते. मोनाझाइटमध्ये थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असल्याने अणुऊर्जेचे नियम लागू होतात. त्या खनिजात सेरियम भरपूर, डिस्प्रोसियम मात्र नगण्य. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने वर्षाला ६,००० टन चुंबकांच्या निर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. कारखाने उभे राहतीलही, पण डिस्प्रोसियम, टर्बियम यांसारखे ‘जड’ दुर्मिळ मृदा धातू आणायचे कोठून, हा प्रश्न आमच्या मते अधिक कठीण आहे.

तेव्हा आपले लेडल सेरियमअभावी रिकामे राहण्याची शक्यता कमी. चुंबक न मिळाल्याने एखाद्या वाहन कंपनीचे उत्पादन मंदावले, तर मात्र तिच्या कास्टिंगच्या ऑर्डरी पुढे ढकलल्या जाऊ शकतात.