वाचकांचे प्रश्न : उघडमीट होणारी सौर पॅनेल

प्रश्न : व्यापारी संकुलाच्या गच्चीवर घडी होऊन मिटणारी सौर पॅनेल बसवायची आहेत. वादळात ती आपोआप मिटतात, त्यामुळे सांगाडा हलका चालेल, असे पुरवठादाराचे म्हणणे आहे. हे खरे का?

उत्तर : अर्धेच खरे. मिटलेल्या गठ्ठ्याला वारा कमी लागतो, पण पॅनेल मिटली तरच. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला १२ मीटर वेगाने प्रत्येक चौरस मीटरवर साधारण ९ किलोचा भार येतो, ४० मीटर वेगाने तोच ९८ किलोच्या घरात जातो. अडीच चौरस मीटरच्या पॅनेलचे स्वतःचे वजन जेमतेम २८ किलो.

उष्ण कटिबंधात खरी मेख वेळेची आहे. गडगडाटी ढगातून कोसळणारी थंड हवा अनेकदा पावसाच्या आधीच येऊन थडकते, आणि ऐन त्याच वेळी वीजही जाते. म्हणून पूर्ण मिटायला किती सेकंद लागतात, हे आधी विचारा. तीन मिनिटे लागत असतील, तर वाऱ्याच्या ज्या वेगाला मिटण्याची आज्ञा सुटते, तो सांगाड्याला झेपणाऱ्या वेगापेक्षा बराच खाली ठेवावा लागेल. मोटरला बॅटरीचा आधार हवा, निदान एक पूर्ण मिटणी होईल इतका. शिवाय हाताने फिरवायचा दांडा हवाच. वाऱ्याचा वेगमापक कठड्याच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसवला, तर तो कमी वेग दाखवतो आणि पॅनेल उघडीच राहतात. ही चूक फार दिसते. मापकाची तार तुटली तर यंत्रणेने मिटलेच पाहिजे. वारा उतरल्यावर २०-३० मिनिटे थांबून मगच उघडावे, नाहीतर दर झुळकीला मोटर मागेपुढे करत राहते.

आणि रुळात काडीकचरा अडकून पॅनेल अर्ध्यावर थांबली तर? त्या स्थितीचे वाऱ्याचे गणित लेखी मागा. ते देता येत नसेल, तर हलका सांगाडा घेऊ नका. गच्ची अधूनमधून मोकळी लागतच नसेल, तर आमच्या मते साधी पक्की बसवलेली पॅनेलच बरी.

प्रश्न : भर उन्हात पॅनेल मिटवून थंड ठेवावीत का?

उत्तर : नको. पॅनेलमधल्या सौर पेशींचे तापमान ६५ अंश झाले, तर २५ अंशांच्या प्रमाण स्थितीपेक्षा उत्पादन सुमारे १४ टक्के घटते (दर अंशाला ०.३५ टक्के धरून). मिटवली तर जवळपास सगळेच जाते. त्यापेक्षा खालून हवा खेळू द्या.

प्रश्न : पावसाळ्यात सकाळी इन्व्हर्टर ‘इन्सुलेशन कमी’ दाखवून बंद राहतो आणि दुपारी आपोआप सुरू होतो. बिघाड कुठे शोधावा?

उत्तर : रात्रीचा ओलावा कुठेतरी तारेपासून सांगाड्यापर्यंत वाट काढतो, ऊन पडले की सुकतो. म्हणून तपासणी सकाळीच करा, दुपारी काही सापडणार नाही. आधी इन्व्हर्टर बंद करा, मग डीसी (एकदिश प्रवाहाचा) स्विचही बंद करा. चालू प्रवाहात जोडणी उपसली तर ठिणगी विझत नाही. नंतर एकेक स्ट्रिंग (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलची माळ) पूर्ण सुटी करून, डीसी १००० व्होल्टच्या मीटरने आणि त्याच क्षमतेचे हातमोजे घालून, धन टोक ते अर्थिंग आणि ऋण टोक ते अर्थिंग असे व्होल्टेज मोजा. निरोगी स्ट्रिंगमध्ये आकडा शून्याकडे घसरतो. समजा २० पॅनेलची स्ट्रिंग ८०० व्होल्टची आहे. धन टोकाला २०० आणि ऋण टोकाला ६०० व्होल्ट स्थिर राहिले, तर गळती धन टोकाकडून पाचव्या आणि सहाव्या पॅनेलच्या मध्ये आहे.

घडीच्या यंत्रणेत दोष बहुधा तार वाकते तिथे निघतो. रोजच्या हालचालीने आवरणाला चिरा जातात, विशेषतः स्थिर कामाची जाड तार वापरली असेल तर. तिथे सतत वाकण्यासाठी बनवलेली लवचीक तार साखळीवाहकातून (तारेसोबत वळणाऱ्या कड्यांच्या नळीतून) न्यावी आणि वळणाची त्रिज्या उत्पादकाने दिलेल्या आकड्यापेक्षा लहान होऊ देऊ नये. जोडण्या पन्हळीत पाण्यात पडू न देता सांगाड्याला टांगा. दोन वेगळ्या कंपन्यांची टोके एकात एक बसतात खरी, पण पाणी आत घेतात आणि तापतात. जोडीतली दोन्ही टोके एकाच कंपनीची घ्या.