शटरखालचं रबर बदलताना

दादा, नवं रबर आणायच्या आधी रात्री शटर पूर्ण खाली ओढा, आतला दिवा बंद करा आणि कुणाला तरी बाहेरून बॅटरी मारायला सांगा. उजेड जिथून आत येतो, तिथूनच उंदीर येतो. पेन्सिल जाईल एवढी, म्हणजे साधारण ६ मिलिमीटरची फट लहान उंदराला पुरते.

जुनं रबर वाकवून बघा. कडक होऊन तडे गेले असतील तर बदलायलाच हवं. ते काढल्यावर शटरच्या खालच्या पट्टीतली, रबर बसतं ती खाच साफ करा. तिथे लेंड्या अडकलेल्या असतात, म्हणून आधी ओलं करा, हातमोजे आणि मास्क घाला. नवं रबर सरकत नसेल तर साबणाचं पाणी लावा, तेल नको. आणि ताणून अजिबात बसवू नका! ते पुढे आखडतं आणि दोन्ही कोपरे उघडे पडतात. बोटभर जास्तच ठेवा.

खरी लढाई कोपऱ्यांचीच. माझं नवं रबर आठ दिवसांत उजव्या कोपऱ्यात कुरतडलं होतं, फरशीवर काळा चुरा पडलेला. तेव्हापासून तिथे स्टीलची बारीक जाळी ठासून बसवतो. फरशीला खड्डा असेल तर तो आधी सिमेंटने भरा. हे सगळं पावसाआधी उरका. बिळांत पाणी शिरलं की उंदीर कोरडी जागा शोधत आपल्याकडेच येतात.