मुलांचा मोबाइल : किती बघावं, किती बघू नये

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची आहे. रात्री उशिरापर्यंत मोबाइल घेऊन बसते आणि मी खोलीत गेले की फोन पालथा घालते. तिच्या नकळत मेसेज दाखवणारं अ‍ॅप टाकू का?

उत्तर : टाकू नका. अशी बहुतेक अ‍ॅप्स टाकताना प्ले प्रोटेक्ट (अँड्रॉइडमधली घातक अ‍ॅप्स पकडणारी तपासणी) बंद करायला लावतात आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं वाचण्याची, परवानगी मागतात. मग स्क्रीनवर दिसणारं, टाइप होणारं सगळं एका परक्या कंपनीच्या सर्व्हरवर जातं. एमस्पाय या अशाच अ‍ॅपमधली माहिती २०१५ आणि पुन्हा २०१८ मध्ये फुटली होती. शिवाय बॅटरी भराभर उतरू लागली, परवानग्यांच्या यादीत अनोळखी नाव दिसलं की मुलांना संशय येतोच. त्यानंतर दुसरं अकाउंट निघतं, मैत्रिणीचा फोन वापरला जातो. आणि उद्या कुणी फोटोवरून धमकावलं, तर ती तुम्हाला सांगायला येणार नाही. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

फोन पालथा घालणं या वयात स्वाभाविक आहे. झोप उडणं, अनोळखी माणसाकडून भेटी किंवा रिचार्ज येणं, जवळच्या मैत्रिणींशी एकदम बोलणं तुटणं, याकडे मात्र लक्ष हवं.

फोन अँड्रॉइड असेल तर फॅमिली लिंक हे गुगलचं पालकांसाठीचं अ‍ॅप लावा, पण तिला शेजारी बसवून. रात्री १० ते सकाळी ६ डाउनटाइम (फोन बंद राहण्याची वेळ) ठेवा, नवं अ‍ॅप घेताना तुमची मंजुरी लागेल असं करा. कोणतं अ‍ॅप किती वेळ चाललं हे त्यात दिसतं, मेसेज दिसत नाहीत. तेवढं पुरे. इन्स्टाग्रामच्या पालक-देखरेखीतही गेल्या ७ दिवसांत तिने कुणाला मेसेज केले ते कळतं, मजकूर कळत नाही. चार्जर झोपायच्या खोलीबाहेर ठेवा, तुमचासुद्धा.

अश्लील साइट्ससाठी घरच्या वायफाय राउटरच्या डीएनएसमध्ये (साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा) क्लाउडफ्लेअर या कंपनीचे १.१.१.३ आणि १.०.०.३ हे पत्ते घाला (आकडे इंग्रजीत). मोबाइल डेटा किंवा व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या वाटेने नेणारं अ‍ॅप) सुरू केला की ही गाळणी निकामी होते, त्यामुळे फक्त या गाळणीवर विसंबून राहू नका.

धमकीचा मेसेज आलाच, तर चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या, पैसे देऊ नका, मग ब्लॉक करा आणि पोलिसांकडे जा. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या नग्न फोटोंचा प्रसार रोखण्यासाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. फोटो फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा (फोटोवरून बनवलेला सांकेतिक क्रमांक) सहभागी कंपन्यांकडे जातो.

प्रश्न : मी सोळा वर्षांचा आहे. बाबा माझे व्हॉट्सअ‍ॅप चॅट वाचतात असं वाटतं. खात्री कशी करू?

उत्तर : व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघड (अँड्रॉइडवर वरच्या तीन टिंबांच्या मेनूत, आयफोनवर सेटिंग्जमध्ये). तिथे तुझा नसलेला कॉम्प्युटर किंवा ब्राउझर दिसला तर त्यावर टॅप करून लॉग आउट कर. मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन (तुझा नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवताना पिन विचारणारी सोय) सुरू करून सहा आकडी पिन ठेव. फोनचं लॉक बाबांना माहीत असेल तर मात्र एवढ्याने भागणार नाही, कारण फोन हातात आला की पुन्हा लिंक करता येतं.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतल्या कलम १६ मध्ये मुलांच्या खासगीपणाचा आणि पत्रव्यवहाराचा हक्क मान्य केलेला आहे. तुझी मागणी रास्त आहे. पण गुपचूप लॉग आउट करून गप्प बसू नकोस. त्यांना नेमकी कशाची भीती वाटते ते विचार, आणि संपर्कयादीतल्या अनोळखी नंबरांबद्दल तू स्वतःहून सांगशील, चॅट ते उघडणार नाहीत, असं ठरवून घ्या.