रस्ता एक, काळीपिवळ्या चार

प्रश्न : काकाजी, रामराम. मी घाटंजी तालुक्यातला. साडेतीन एकर पऱ्हाटी, दीड एकर तूर. पोरगा चाकणला कंपनीत आहे. तो गूगल पेवरून पैसे टाकतो, माझ्या फोनात फोनपे आहे. घरची म्हणते, दोघांचं ॲप वेगळं, एखाद्या दिवशी पैसे मधातच अटकतील. पुतण्या म्हणतो तिसरंच टाका, त्यात कॅशबॅक भेटते. पहिले मलाही स्क्रॅच कार्डात रुपये भेटत, आता नुसतं चपलेचं नाहीतर चष्म्याचं कुपन निघते. यातलं चांगलं कोणतं, ते एकदाच सांगून टाका.

उत्तर : रामराम भाऊ. एकदाच सांगतो : कोणतंही.

तुमच्या स्टँडवर काळीपिवळ्या उभ्या असतात ना, तसं समजा. ड्रायव्हर ‘यवतमाळ, यवतमाळ’ ओरडत हातातली पिशवी ओढतो, पण चारही गाड्या जाणार एकाच रस्त्यानं. इथला रस्ता म्हणजे यूपीआय. तो नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं २०१६ मध्ये सुरू केला आणि एकेक करून बँका त्याला जोडल्या गेल्या. पोराच्या बँकेतून निघालेला पैसा सरळ तुमच्या बँकेत उतरतो. गूगल पे काय, फोनपे काय, बँकेला निरोप देतात. ताईंना सांगा, हा पैसा ॲपाच्या पोटात मुक्कामाला थांबत नाही.

पण त्यांची शंका अगदीच वाऱ्यावरची नाही. नोटबंदीच्या दिवसांत वॉलेटचं राज्य होतं. पैसे आधी वॉलेटात भरायचे, आणि घेणाऱ्याकडेही तेच वॉलेट पाहिजे. मला आर्णीत एका किराणावाल्याला १४० रुपये द्यायचे होते. माझं वॉलेट एक, त्याचं दुसरं. दोघांच्या हातात फोन, दोघांच्या फोनात पैसे, आणि शेवटी त्यानं पेन्सिलीनं वहीत मांडले. मी तेव्हा बँकेत कॅशियर होतो, हे त्याला माहीत होतं. तो हसला ते अजून आठवतं.

त्याच्याही मागं गेलो तर मनीऑर्डर. वीस रुपयांमागे एक रुपया, म्हणजे पोरानं दोन हजार धाडले की शंभर टपालखात्याचे, वरून पोस्टमनला चहा. आज पोरगा एक पैसा न देता पाठवतो. मग ही काळीपिवळीवाली मंडळी भांडतात कशासाठी? जानेवारी २०२० पासून सरकारनं यूपीआयवर दुकानदाराकडून घ्यायचं शुल्कही शून्य केलं. प्रवासी फुकट, तरी गाडी भरायची धडपड! कारण गाडीत बसलेल्या माणसाला बाकीचं विकता येतं : रिचार्ज, विमा, सोनं, कर्ज. पैसे आले की ओरडून सांगणाऱ्या दुकानातल्या बोलक्या डब्याचं भाडं वेगळं. कॅशबॅक हा नव्या गाडीवाल्याचा पहिल्या महिन्याचा चहा होता. सवय लागली, चहा बंद झाला. आता काही ॲपं तर रिचार्जवर दोन-तीन रुपये जास्तीचे घेतात. पुढच्या वेळी बटन दाबायच्या आधी एकूण रक्कम वाचून बघा.

या भांडणात दोघंच पुढं निघून गेले. यूपीआयच्या शंभर व्यवहारांतले ऐंशीच्या आसपास फोनपे आणि गूगल पे या दोघांवरून होतात. कोणा एकाकडे ३० टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ नयेत असा नियम २०२० मध्येच काढलाय, पण त्याची मुदत पुढं पुढं ढकलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत नेलीय. माझं मत विचाराल तर तो पाळला जाणं कठीण आहे. लोकांच्या बोटाला लागलेली सवय परिपत्रकानं कशी मोडणार?

आमच्या इथल्या आलुबोंड्याच्या गाड्यावर तीन कंपन्यांचे तीन क्यूआर चिकटवलेत. तिन्ही कंपन्यांची पोरं येऊन आपापला लावून गेली. गिऱ्हाईक विचारतं, माझं अमुक ॲप आहे, कोणता स्कॅन करू? गाडेवाला तेलातून झारा न काढता म्हणतो, ‘कोणताही कर बापा, माहं खातं एकच हाय.’ मी वर एवढं लिहिलं ते त्यानं एका ओळीत सांगितलं.

तर भाऊ, पुतण्याचं ऐकून तिसरं ॲप टाकायची गरज नाही. टाकायचंच असेल तर कॅशबॅकसाठी नको, अडीनडीसाठी टाका, आणि त्याला दुसऱ्या बँकेचं खातं जोडा. हे बहुतेक जण करत नाहीत. दोन ॲपं आणि खातं एकच, मग त्या बँकेचा सर्व्हर बसला की दोन्ही बसतात. नाल्याला पूर आल्यावर काळीपिवळी बदलून काय होणार?

प्रश्न : काकाजी, कापूस वेचणाऱ्या एका बाईला चार दिवसांच्या वेचाईचे १,८४० रुपये मोबाईल नंबरवर पाठवले. माझ्या खात्यातून कापले गेले, ती म्हणते आलेच नाहीत. आज तिसरा दिवस. रोज सकाळी दारात येऊन बसते, मला लाज वाटते. पुन्हा पाठवू का?

उत्तर : ताई, थांबा. आधी फोनात त्या व्यवहारापुढे काय लिहिलंय ते बघा.

‘फेल’ किंवा ‘पेंडिंग’ असेल तर रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम तुमच्या बाजूनं आहे. एका माणसानं दुसऱ्याला पाठवलेले पैसे कापले जाऊनही पोचले नाहीत, तर ते फार तर पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. ॲपातच तक्रारीचं बटन असतं, तिथं तक्रार करा, व्यवहाराचा १२ आकडी नंबर कागदावर उतरवा आणि शाखेत लेखी द्या. तोंडी सांगू नका. तोंडी तक्रारीचं काय होतं ते मी काउंटरच्या आतून पाहिलंय.

पण ‘सक्सेस’ दिसत असेल तर पैसे कुठंतरी पोचलेत. तिला हळूच विचारा, तो नंबर कोणाच्या फोनात आहे? खेड्यात हे फार होतं. सिम आईच्या नावाचं, फोन पोराच्या हातात. पोरानं कॅशबॅकपायी नवं ॲप टाकलं आणि त्याच नंबरच्या दुसऱ्या बँकेतल्या खात्याला पहिला मान दिला. बाई जनधनचं पासबुक घेऊन हेलपाटे मारते, पैसे दुसऱ्याच खात्यात पडलेत. ॲपांच्या चढाओढीचा खरा त्रास मी बघितला तो असा. दोन्ही पासबुकांवर नोंद मारून घ्यायला सांगा. पोराला तिच्यासमोर काही बोलू नका, बहुतेक वेळा त्यालाही ठाऊक नसतं.

आणि नंबरच चुकला असेल तर? मला अनुभव आहे. आपल्याकडे शेगावच्या कृपेनं घरटी एक गजानन. माझ्या फोनात नऊ आहेत. ट्रॅक्टरवाल्या गजाननाचे ३,००० मी पुतणजावयाच्या खात्यात टाकले. घरचाच माणूस म्हणून परत मिळाले, तेही पोळ्याला भेटल्यावर. परका असता तर त्याच्या होकाराशिवाय बँक त्याच्या खात्यातून काढून देऊ शकत नाही. आता २०२५ च्या जूनअखेरपासून पैसे सोडण्याआधी बँकेत नोंदलेलं नाव दाखवावं लागतं, आपण फोनात ठेवलेलं ‘गजानन ट्रॅक्टर’ नव्हे. ते नाव बापाच्या नावासकट वाचा. दोन सेकंद लागतात.

प्रश्न : आजीकडे बटनाचा फोन आहे. तिला यातलं काही वापरता येईल का?

उत्तर : येईल. बँकेत जो नंबर दिलाय त्याच सिमवरून *९९# लावायचं, इंटरनेट लागत नाही. मराठीही निवडता येते. एका वेळी ५,००० पर्यंत जातात. पहिल्यांदा पिन करताना एटीएम कार्डावरचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख विचारतात, म्हणून आधी कार्ड शोधा. बहुतेक आज्यांचं ते बँकेनं दिलं त्याच लिफाफ्यात, न उघडलेलं, ट्रंकेत साडीखाली असतं.